सूर्यावरच्या झगझगीत कमानी: नळ्या की पडद्याच्या चुण्या?

तासगावचा_मास्तर
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे आणि नववीच्या पोरांनी सूर्याची प्रतिकृती करायला घेतलीय. थर्माकोलचा अर्धा गोळा, व्यास तीन फूट, त्यावर डाग रंगवलेले. डागांच्या वर नासाच्या फोटोत ज्या सोनेरी कमानी दिसतात ना, एका डागातून निघून दुसऱ्यात उतरणाऱ्या, त्यांच्यासाठी एका पोराने बागेतून ठिबकचे जुने लॅटरल आणले. वाकवले, नारिंगी स्प्रे मारला, झकास दिसतंय.

काल आमचाच एक माजी विद्यार्थी भेटला. आता पुण्यात एमएस्सी करतो. तो म्हणाला, "सर, त्या नळ्या नसतीलच कदाचित. नव्या संशोधनात म्हणतात तो नजरेचा खेळ आहे." एवढं बोलून गाडीला किक मारून गेला. आता पोरं विचारतायत, पाईप काढायचे का ठेवायचे. जाणकारांनी सांगा: त्या कमानींचा खरा आकार कसा आहे? आणि नळ्या नाहीत, तर मग काय चिकटवू?

निवांत_मिरजकर
लॅटरलच वापरताय तर ड्रीपर बुजवू नका मास्तर. सौरवारापण दाखवता येईल.

अवकाशवेडी
सर, तुमचा विद्यार्थी हवेतलं बोलत नव्हता. २०२२ साली अमेरिकेतल्या बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रातल्या अ‍ॅना मालानुशेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की प्रभामंडळात, म्हणजे सूर्याभोवतीच्या तापलेल्या बाहेरच्या वातावरणात, दिसणाऱ्या कमानींपैकी बऱ्याचशा सुट्या नळ्या नसून तेजस्वी प्लाझ्माच्या पातळ, वेड्यावाकड्या पडद्याला पडलेल्या चुण्या असू शकतात.

आधी पाईपवाली बाजू सांगते, कारण तीही काही भोळी नाही. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागातून वर येतं आणि कमान करून परत खाली जातं. प्रभामंडळातला वायू इतका तापलेला असतो, दहा लाख अंशांच्या घरात, की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात. असा वायू म्हणजे प्लाझ्मा. तो बलरेषेच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषेच्या, दिशेने सरळ धावतो, तिला आडवा जाऊ शकत नाही. म्हणजे बलरेषांची एक जुडी खालून तापली की तेवढीच भरणार, तेवढीच चमकणार. दिसणार काय? उजळ नळी. १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकापासून आजपर्यंत बहुतेक सगळी गणितं याच चित्रावर उभी आहेत.

घोळ दोन ठिकाणी होता. वर जावं तसं चुंबकीय क्षेत्र विरळ होतं, बलरेषा एकमेकींपासून लांब जातात. मग नळी माथ्यावर फुगायला हवी. फोटोतली कमान मात्र पायापासून माथ्यापर्यंत जवळजवळ एकाच जाडीची दिसते. दुसरं म्हणजे वर घनता झपाट्याने घटायला हवी, माथा अंधुक व्हायला हवा. प्रत्यक्षात माथाही चांगला उजळ असतो. हे कोडं कित्येक वर्षं पडून होतं.

मालानुशेन्को यांच्या गटाने संगणकावर तयार केलेलं प्रभामंडळ घेतलं, पृष्ठभागाच्या खालपासून वरपर्यंतचं. दुर्बिणीला दिसेल तसा त्याचा फोटो काढला तर त्यात अगदी ओळखीच्या कमानी दिसल्या. खऱ्या सूर्याला सुरी लावता येत नाही, संगणकातल्याला येते. त्यांनी आडवा छेद घेतला. नळ्या असत्या तर छेदात सुटे सुटे गोल ठिपके दिसले असते. दिसल्या त्या लांबट, गुंतलेल्या, विस्कटलेल्या रेघा. फोटोत ज्या कमानी एवढ्या ठसठशीत होत्या, त्यांतल्या कितीतरी छेदात सापडेचनात.

द्राक्षबाग_दलाल
एक बाळबोध शंका. फोटो तो फोटो. त्यात कमान दिसतेय म्हणजे तिथे कमान आहे. संगणकात काय, जे घालाल ते निघेल.

अवकाशवेडी
दादा, शंका बाळबोध नाही, सगळा वाद तिथेच आहे. आपण फोटो बघतो तेव्हा मनात धरून चालतो की पुढची वस्तू मागचीला झाकते. प्रभामंडळात कोणी कुणाला झाकत नाही. ते त्या प्रकाशाला जवळजवळ पूर्ण पारदर्शक आहे. नजरेच्या एका रेषेत पुढे, मध्ये, मागे जे जे चमकतं त्या सगळ्याची बेरीज होऊन कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात येते. खोलीचा पत्ता लागत नाही.

घरी करून बघा. नायलॉनची पांढरी मच्छरदाणी एका कोपऱ्याने टांगा, मागे काळी चादर आणि बाजूने दिवा. जाळी जिथे समोर सपाट पसरलीय तिथे ती दिसतही नाही. जिथे चुणी पडून जाळी नजरेच्या रेषेत कडेने उभी राहते तिथे पांढरी शुभ्र रेघ उमटते. ती रेघ वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची असते आणि तिला दोरी समजायला काहीच हरकत नसते. पण जाळीत दोरी नाही. एक पाऊल बाजूला सरका, ती रेघ विरते आणि भलतीकडे नवी उमटते.

जाडी एकसारखी का आणि माथा उजळ का, दोन्हीची उत्तरं यात बसतात. रेघेची जाडी चुणी कशी वळलीय त्यावर ठरते, बलरेषा किती फाकल्या त्यावर नाही.

हरिपूरचा_संगम
आमच्याकडे मच्छरदाणी लावून झोपलो तरी डास आत. त्याचंही एक सिम्युलेशन करा ताई.

चिकित्सक
मच्छरदाणी छान, पण जरा दमानं घ्या. मी धंद्याने इंजिनीअर, हे वाचन हौसेचं. तीन मुद्दे मांडतो.

एक. जे दाखवलं ते एका संगणकीय प्रयोगात. त्यातली वायूची चिकटी, उष्णता वाहण्याची रीत, गणितासाठी आखलेल्या चौकटींचा बारीकपणा हे सगळं खऱ्या सूर्याइतकं नेमकं कधीच नसतं. प्रयोगातला सूर्य पडदेवाला निघाला म्हणून खराही तसाच, असं होत नाही. तसा दावा त्या निबंधातही नाही. सगळ्याच कमानी भास आहेत असं कोणी म्हटलेलं नाही, काही खऱ्या नळ्या असतीलही.

दोन. उलट बाजूचा पुरावा आहे. ११ जुलै २०१२ ला हाय-सी नावाची दुर्बीण अग्निबाणावर बसवून काही मिनिटांसाठी वर पाठवली होती. तेव्हाच्या उपग्रहांपेक्षा किती तरी बारीक तपशील तिने टिपला. क्लिमचुक आणि डीफॉरेस्ट या दोघांनी ती चित्रं वापरून २०२० मध्ये एक तपासणी केली. विचार साधा आहे. कमान जर फितीसारखी चपटी असेल आणि वर जाता जाता पीळ घेत असेल, तर जिथे ती कडेने दिसते तिथे अरुंद आणि उजळ दिसेल, जिथे सपाट दिसते तिथे रुंद आणि मंद. म्हणजे रुंदी वाढली की तेज घटायला हवं. तसं उलटं नातं त्यांना सापडलं नाही. याचा सरळ अर्थ, छेद बराचसा गोलसर आहे.

तीन. "एक पाऊल बाजूला सरका" हे मच्छरदाणीपाशी ठीक. सूर्याभोवती कोण सरकणार? सूर्य स्वतः फिरतो म्हणाल, तर दिवसाला तेरा-चौदा अंश. तोवर ती कमान थंड होऊन दिसेनाशी झालेली असते.

म्हणून मास्तर, पाईप इतक्यात काढू नका.

अवकाशवेडी
चिकित्सक, दुसऱ्या मुद्द्यातली गंमत सांगितली नाहीत. क्लिमचुक आणि डीफॉरेस्ट ही दोन्ही नावं २०२२ च्या पडद्यावाल्या निबंधातही सहलेखक म्हणून आहेत.

चिकित्सक
माहीत आहे, म्हणून तर या माणसांवर माझा विश्वास आहे. राजकारणात याला पक्षांतर म्हणतात.

निवांत_मिरजकर
राजकारणात निबंध लिहावा लागत नाही.

रहिमतपूरची_सून
मी शास्त्राची नाही, बँकेत आहे. पण धागा वाचून नासाच्या सूर्य बघणाऱ्या यानाच्या साइटवर गेले. एकाच दिवसाची चित्रं वेगवेगळ्या रंगांत आहेत. सोनेरीत एका जागी दाट कमानी, हिरव्यात त्याच जागी वेगळ्याच, लालमध्ये तर काही तंतूच. मग खरं चित्र कुठलं?

अवकाशवेडी
सगळीच खरी आणि एकही पुरतं नाही. रंग आपण दिलेले. सोनेरी चित्र १७१ अँगस्ट्रॉम (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) चं, टोकाच्या अतिनील पट्ट्यातलं. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आपल्या हवेतून खालीही येत नाही, म्हणून उपग्रह लागतो. तुम्ही पाहिलंत ते सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीचं असणार. ११ फेब्रुवारी २०१० पासून ती वर आहे आणि तिच्यावरचा कॅमेरा दर १२ सेकंदांनी सूर्याचे फोटो काढतो.

१७१ मध्ये मुख्यतः आठ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड चमकतं, सहा-सात लाख अंशांच्या आसपास. त्याच बलरेषेवरचा प्लाझ्मा वीस लाखांवर गेला की या चित्रातून गायब आणि दुसऱ्या चित्रात हजर. म्हणजे फोटोत दिसतो तो चुंबकीय क्षेत्राचा सांगाडा नाही. त्यातला जेवढा भाग नेमका त्या तापमानाला आहे आणि पुरेसा दाट आहे, तेवढाच दिसतो. दोन कमानींमधली काळी जागा रिकामी आहे असं समजू नये. तिथेही चुंबकीय क्षेत्र आहे, प्लाझ्मा आहे.

गर्जना
एवढं अमेरिकेचं कौतुक कशाला? आपलं आदित्य एल-१ गेलंय ना! त्याने हे कधीच सोडवलं असेल, आपल्याच लोकांना माहीत नसतं.

चिकित्सक
आदित्यचा अभिमान मलाही आहे. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गेलं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूभोवती स्थिरावलं. पण कुठलं यंत्र कशासाठी हे बघून बोलावं. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने केलेलं यंत्र सूर्याची थाळी झाकून भोवतालचं प्रभामंडळ बघतं, सूर्याच्या १.०५ त्रिज्येपासून पुढे. थाळीवरच्या, डागांजवळच्या बुटक्या कमानी त्या झाकणामागे जातात. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दुर्बीण थाळी बघते, पण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये. तिथे प्रभामंडळाच्या खालचे थर दिसतात. मास्तरांनी विचारलेला प्रश्न या दोघांच्या मधल्या फटीत पडतो. प्रत्येक यानाने प्रत्येक कोडं सोडवायलाच पाहिजे असं नाही.

गर्जना
नासाचं पार्कर यान तरी जवळ गेलंय ना? त्यालाच विचारा.

चिकित्सक
गेलंय. २४ डिसेंबर २०२४ ला पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर. पण त्याचा कॅमेरा बाजूला बघतो. सूर्याकडे तोंड केलं तर तो भाजूनच निघेल. डागांवरच्या कमानींचे फोटो त्याच्याकडून मिळत नाहीत.

कृष्णामाई_घाट
प्रभामंडळाचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागाची एक गोष्ट. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण बघायला रॉयल सोसायटीने लेफ्टनंट जॉन हर्शेल यांना कुठे पाठवलं होतं? जमखंडीला! म्हणजे आपल्या पटवर्धनांच्याच एका संस्थानात, सांगलीहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. प्रसिद्ध जॉन हर्शेल यांचा हा मुलगा, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा नातू. ऑगस्टचे ढग आड येत होते. मधल्या फटीतून त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेवर वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र) रोखला आणि तांबडी, नारिंगी, निळी अशा तीन ठळक रेषा पाहिल्या. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, हे त्या दिवशी पक्कं झालं. गुंटूरला फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन यांनीही तेच पाहिलं.

कोकणी_माणूस_कराडात
आणि विजयदुर्ग विसरलात! १८६८ ला इंग्रज खगोलज्ञ लॉकियरने किल्ल्यावरून हेलियम शोधला. तिथे साहेबाचे ओटे आहेत, १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो.

कृष्णामाई_घाट
ओटे आहेत, दिवसही साजरा होतो, आणि व्हावा. पण १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होते. त्यांनी ग्रहणाशिवाय ज्वाळेचा वर्णपट पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ ला, तिथूनच. जान्सेन यांचं आणि त्यांचं पत्र फ्रेंच अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं, म्हणून दोघांच्या नावे पदक निघालं. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवर हेलियम सापडल्याचं सांगूनही टाकलं होतं.

कोकणी_माणूस_कराडात
तुमच्या म्हणण्याने आमचा किल्ला काही लहान होत नाही. लॉकियर आले होते ना? मग झालं.

कृष्णामाई_घाट
आले होते, याबद्दल दुमत नाही. त्याच १८९८ ला पुण्याचे खगोलज्ञ कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच. विजयदुर्गापासून जेऊरपर्यंत नकाशावर पट्टी ठेवा, वाटेत तुमचं कराड येतं. किल्ल्याचा अभिमान सोडून कराडचा धरा.

जुना_सातारकर
आवो १८६८ कशाला, १९८० चं बोला की! १६ फेब्रुवारी. आमचं वडील मला घेऊन कारवारकडच्या अंकोल्याला गेलं हुतं. घरात सगळे बोंब मारत हुते, पोराला नेऊ नका म्हणून. इकडं साताऱ्यात रस्ते वस, सगळी दारं लावून टीव्हीसमोर. तिथं सूर्य झाकला आन् भवती पांढरी पिसं फुटली की वो, सगळ्या अंगानं. वडील म्हणालं, बघून घे, फोटोत असं येत न्हाय. खरंच न्हाय येत.

मला एवढंच इचारायचंय, ती पिसं म्हंजी बी पडदंच का?

अवकाशवेडी
काका, तुमच्या प्रश्नाने विषय एकदम रुळावर आणला. ग्रहणात दिसतो तो प्रकाश वेगळा. सूर्याचाच पांढरा प्रकाश प्रभामंडळातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आपटून आपल्याकडे येतो, म्हणून ते दुधी दिसतं. १९८० च्या सुमारास सूर्य ऐन भरात होता, त्यामुळे पिसं सगळ्या बाजूंनी. सूर्य शांत असतो तेव्हा ती मुख्यतः विषुववृत्ताच्या दोन बाजूंना लांबतात.

आणि हो, त्या पिसांबद्दल हा विचार आधीपासून आहे. सूर्याभोवती दाट प्लाझ्माचा एक लहरता पट्टा असतो, तो जिथे आपल्या नजरेला कडेने येतो तिथे टोकदार पीस दिसतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. ध्रुवांजवळच्या बारीक शलाकांबद्दलही "काही खऱ्या शलाका, काही नुसत्या पडद्याच्या कडा" अशी विभागणी करतात. २०२२ च्या निबंधाने धक्का दिला तो तेच बोट डागांवरच्या कमानींकडे वळवून. कमानींबद्दल लोक निर्धास्त होते.

द्राक्षबाग_दलाल
बरं, नळी असो नाहीतर पडदा. फरक काय पडतो? सूर्य उद्या उगवणारच.

चिकित्सक
फरक हिशेबात पडतो आणि तो लहान नाही. कमानीचं तेज दोन गोष्टींवर ठरतं: घनतेचा वर्ग, गुणिले नजरेच्या रेषेतली खोली. तेज मोजता येतं. खोली दिसत नाही, म्हणून आजवर धरून चालले की नळी गोल आहे, तेव्हा जेवढी रुंदी तेवढीच खोली. आता समजा ती चुणी आहे आणि खोली रुंदीच्या दहापट आहे. तेज तेवढंच राहायचं तर घनतेचा वर्ग दहाने भागायला हवा, म्हणजे घनता साधारण सव्वातीन पटीने कमी निघते. घनता बदलली की थंड व्हायला लागणारा वेळ बदलतो, तो बदलला की किती वेळा आणि किती उष्णता द्यावी लागते ते बदलतं. पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि वरची हवा दहा-वीस लाख, हे कसं, हा या शास्त्रातला सगळ्यात जुनाट प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधणारे लोक याच आकड्यांवर विसंबतात.

शिवाय शेजारच्या "रिकाम्या" भागाचं तेज वजा करून कमानीचं तेज काढायची रीत आहे. पडदा असेल तर शेजारचा भागही त्याच पडद्याचा. मग वजा काय केलं?

हे लिहिल्यावर मला कबूल करायला हरकत नाही की मी गोल छेदाच्या बाजूचा असलो तरी या निबंधाने झोप उडवायचं काम चोख केलंय.

हरिपूरचा_संगम
दलालसाहेब, सोप्या भाषेत: पेटीचं वजन न करता नुसतं वरून बघून किलो लावले होते.

द्राक्षबाग_दलाल
आता समजलं. हा धंदा आम्ही पण करतो.

रहिमतपूरची_सून
मग दोन बाजूंनी बघायचा उपाय कोणी केला नाही का? चिकित्सक म्हणाले सूर्याभोवती सरकता येत नाही, पण दोन याने दोन जागी ठेवता येतील की.

अवकाशवेडी
केला आहे. २००६ साली स्टिरिओ नावाच्या यानांची जोडी सोडली, एक पृथ्वीच्या पुढे, एक मागे. २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर गेलं. ते सूर्याच्या बरंच जवळ जातं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या तीन दशांशाहून थोडं आत. तिकडून त्याने आणि इकडून पृथ्वीजवळच्या दुर्बिणीने एकाच वेळी एकाच डागाकडे बघितलं, की दोन कोन मिळतात.

अडचण ओळख पटवण्यात आहे. एका डागावर डझनावारी कमानी एकमेकींवर चढलेल्या. या चित्रातली तिसरी कमान म्हणजे त्या चित्रातली नेमकी कोणती? नळी असेल तर चिकाटीने जुळवता येते. चुणी असेल तर दुसऱ्या कोनातून ती चुणी असतच नाही, तिथे दुसरीच दिसते, आणि दोन वेगळ्या रेघांना एकच समजून जुळवायचा धोका राहतो. तरी माझ्या मते निकाल याच वाटेने लागेल.

कुंडलचा_फौंड्रीवाला
मास्तर, तुमच्या पाईपबद्दल कोणी आकडे मांडले नाहीत, म्हणून मी मांडतो. तीन फुटी गोळा म्हणजे त्रिज्या साधारण ४५० मिलिमीटर. सूर्याची त्रिज्या ६ लाख ९६ हजार किलोमीटर. म्हणजे तुमचा एक मिलिमीटर पडला सुमारे १५५० किलोमीटरचा. लॅटरल १६ मिलिमीटरचा असेल तर तुमची नळी झाली जवळपास २५ हजार किलोमीटर जाड, आत जवळजवळ दोन पृथ्व्या शेजारी शेजारी बसतील. खऱ्या कमानी जाडीला एक-दोन हजार किलोमीटरच्या, काही त्याहूनही बारीक. तुमच्या गोळ्यावर जेमतेम एक मिलिमीटर. नळी आहे का चुणी हा वाद जाऊ द्या, पाईप तर दोन्हीकडून बादच.

उंची लाखभर किलोमीटर धरली तर साडेसहा सेंटिमीटर. एवढ्या उंचीची, दोऱ्याएवढ्या जाडीची कमान करा. वेल्डिंगची तार चालेल.

निवांत_मिरजकर
हे उत्तर पहिल्याच दिवशी आलं असतं तर धागा चार ओळीत संपला असता. बरं झालं उशिरा आलात.

तासगावचा_मास्तर
सगळ्यांचे आभार. पोरांना धागा वाचून दाखवला, मिरजकरांचे शेरे वगळून.

फौंड्रीवाल्यांचा हिशेब फळ्यावर करून घेतला. पाईप आणणारा पोरगा हिरमुसला, पण पृथ्वी केवढी दाखवायची ते त्यानेच काढलं, आठ मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याहून मोठी, मण्याहून लहान. आता ती पृथ्वी टाचणीला टोचून गोळ्याशेजारी उभी आहे आणि बघायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडेच बोट करतो.

मच्छरदाणी प्रयोगशाळेत लावली. खिडक्यांना काळे पडदे, बाजूने टॉर्च. मोबाइलवर एका जागेवरून एक फोटो, दोन फूट सरकून दुसरा. पहिल्या फोटोत चार ठळक रेघा, दुसऱ्यात तीन, आणि त्यातली एकच पहिल्यातली वाटत होती. ती एक का राहिली म्हणून हात लावून बघितलं, तर तिथे जाळीची शिवण होती. म्हणजे खरीखुरी जाड दोरी! एका पोरीने लगेच विचारलं, "सर, मग सूर्यावरच्या काही शिवणी असतील आणि काही चुण्या, असं चालेल का?" चिकित्सक आणि अवकाशवेडी, तुम्हा दोघांच्या वादाचा निकाल तिने तरी लावून टाकलाय.

तर ठरलं असं. गोळ्यावर तारेच्या बारीक कमानी. शेजारी टेबलावर जाळी, टॉर्च आणि जमिनीवर पावलांच्या दोन खुणा. बघणाऱ्याने दोन्ही जागी उभं राहून स्वतः ठरवायचं. पाटीवर दोन्ही मतं लिहू, २०२० आणि २०२२ दोन्ही सालांसकट.

एक राहिलं. त्याच पोरीचा दुसरा प्रश्न: जाळीला धरून ठेवायला धागे आहेत. सूर्यावरच्या पडद्याला कोण धरून ठेवतं? तो विस्कटून का जात नाही?

अवकाशवेडी
तिला सांगा, बलरेषाच. दोन्ही बाजू मान्य करतात ती गोष्ट हीच आहे. पडदा असला तरी तो बलरेषांच्या दिशेनेच ताणलेला असतो, प्लाझ्मा त्यांना आडवा पसरू शकत नाही. म्हणून चुणीसुद्धा कमानीच्याच वळणाची दिसते, आणि म्हणूनच इतकी वर्षं कुणाला शंका आली नाही. प्रभामंडळात कधी कधी प्लाझ्मा अचानक थंड होऊन त्याचे गोळे खाली ओघळतात, त्याला प्रभामंडळी पाऊस म्हणतात. तेही सरळ खाली न पडता कमानीच्या वळणाने घसरतात. त्याची चित्रफीत तिला जरूर दाखवा.

चिकित्सक
आणि टॉर्च सेलचीच ठेवा. बल्ब लावून जाळीजवळ नेऊ नका, नायलॉन आहे.

जुना_सातारकर
मास्तर, परदर्शन कितीपर्यंत उघडं हाय? दुपारच्या एसटीनं निघालो तर गाठंल का?

तासगावचा_मास्तर
पाचपर्यंत आहे काका. तुम्ही या, तुमच्यासाठी थांबू. आणि १९८० चं पोरांना सांगायला दहा मिनिटं काढा.